ओआरएस नाव घेऊन मागा



पहिले दोन-चार पाऊस पडून गेले, विहिरीला गढूळ पाणी आलं, माश्या वाढल्या, की वस्तीवस्तीतून एकच बातमी कानावर येते. 'बाळाला रात्रीपासून जुलाब होताहेत.' कुणी हगवण म्हणतं, कुणी पोट बिघडलं म्हणतं, डॉक्टर अतिसार म्हणतात. दिवसातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा पाण्यासारखी पातळ शी झाली, तर ते जुलाब समजायचे. अंगावर पिणारं तान्हं बाळ एरवीही दिवसातून बऱ्याच वेळा मऊ शी करतं, तो आजार नव्हे. नेहमीपेक्षा शी पातळ झाली आणि वेळाही वाढल्या, तर मात्र सावध व्हायचं.

हा आजार इतका नेहमीचा, की आपण त्याला आजारच मानत नाही. 'दात येताहेत, होणारच जुलाब', 'दृष्ट लागली असेल', 'दोन दिवसांत थांबतील आपोआप', असं म्हणून सोडून देतो. पुष्कळदा थांबतातही. पण जगभरात पाच वर्षांखालची ४ लाख ४० हजारांहून जास्त मुलं दर वर्षी याच आजारानं दगावतात. आणि यातलं वाईट असं, की यावरचं औषध साधं आहे, स्वस्त आहे, आशाताईंच्या पेटीत फुकट मिळतं.

मग ते मुलाच्या तोंडापर्यंत का पोचत नाही? आज आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत.

आपल्या देशात घरोघरी जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची मोठी पाहणी होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत असं दिसलं, की जुलाब झालेल्या दर १०० मुलांपैकी साधारण ६१ मुलांना ओआरएस मिळालं आणि झिंकची गोळी फक्त ३१ मुलांना मिळाली. म्हणजे दहांतल्या चार मुलांना ओआरएसचा घोटही मिळाला नाही, सात मुलांना झिंक नाही. यातली कितीतरी मुलं दवाखान्यात नेलेली होती. इंजेक्शनं झाली, बाटलीतली गोड औषधं झाली, पैसे गेले. आणि जे आधी द्यायचं तेच राहून गेलं.

जुलाबात मूल दगावतं ते कशानं?

हंड्याला बारीक भोक पडलं तर तो रिकामा व्हायला वेळ लागतो. तांब्याला तेवढंच भोक पडलं तर तो बघता बघता रिकामा होतो. मोठा माणूस म्हणजे हंडा, लहान मूल म्हणजे तांब्या. जुलाबातून शरीरातलं पाणी जातं आणि त्याबरोबर मीठ व इतर क्षारही जातात. ते भरून निघाले नाहीत तर डोळे खोल जातात, तोंड कोरडं पडतं, लघवी कमी होते, मूल मलूल होतं. शरीरात रक्त खेळतं राहायलाही पाणी लागतं. पाणी फार कमी झालं की हात-पाय गार पडतात आणि मूल हातचं जातं. हे सगळं एका दिवसातही होऊ शकतं.

आपल्याकडे 'टाळू पडली' म्हणतात. मग टाळूवर तेल घालतात, कुणी तोंडात बोट घालून टाळू वर दाबतात. टाळू खोल जाते हे आपल्या आज्यांनी अगदी बरोबर पाहिलेलं आहे. पण ती पडलेली नसते, अंगातलं पाणी आटलं म्हणून आत गेलेली असते. पाणी आणि मीठ भरून निघालं की ती आपोआप वर येते. पोटावर डागणं हा तर निव्वळ छळ आहे. आधीच सुकलेल्या लेकराला वर भाजल्याची जखम.

मग नुसतं पाणी पाजलं तर? थोडा आधार होतो, पण पुरा नाही. आपल्या आतड्यात एक गंमत आहे. साखर आत जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि मिठाच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. जुलाबात आतडं कितीही बिघडलेलं असलं तरी हे दार बहुतेक वेळा उघडंच राहतं. म्हणून पाणी, मीठ आणि साखर ठरावीक मापात एकत्र दिली, की जुलाब चालू असतानाही पाणी अंगात मुरतं. ओआरएस म्हणजे हेच. शिरेतून सलाईन लावून जे काम होतं, तेच काम ओआरएस तोंडावाटे करतं. सुई नाही, खाट नाही, नर्स नाही.

हे औषध पाजलं ते घरच्यांनीच

१९६८ साली ढाक्यातल्या कॉलरा संशोधन केंद्रात डॉक्टरांनी दाखवून दिलं, की कॉलराच्या रोग्यांनाही तोंडावाटे मीठ-साखरेचं पाणी देऊन सावरता येतं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. एवढा भयंकर आजार, आणि औषध काय, तर मीठ-साखर?

मग १९७१ साल आलं. बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित सीमा ओलांडून बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. दवाखान्यात जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मोठा निर्णय घेतला. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं तयार करून घेतली, मोठ्या पिंपांत ते पाणी कालवलं आणि पिंपांना तोट्या बसवल्या. रोग्याचे नातेवाईक पेल्यांतून पाणी न्यायचे आणि आपल्या माणसाला पाजत बसायचे. एरवी छावणीत शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. हा उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आलं. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

यातलं एक आम्हांला फार महत्त्वाचं वाटतं. ते पाणी पाजलं कुणी? आयांनी, बहिणींनी, नवऱ्यांनी. म्हणजे जीव वाचवणारं काम घरचं माणूस करू शकतं, हे तिथे सिद्ध झालं.

पुढची गोष्ट शेजारच्या बांगलादेशातली. तिथल्या ब्रॅक या संस्थेनं १९८० नंतरच्या दहा वर्षांत बायकांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या. या कार्यकर्त्या एकेका घरात जाऊन, आईसमोर बसून, गूळ-मिठाचं पाणी करायला शिकवायच्या. तीन बोटांच्या चिमटीत मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर दुसरी माणसं येऊन आईला काय काय आठवतंय ते विचारायची, आणि त्यावर शिकवणाऱ्या बाईचा पगार ठरायचा. आई विसरली तर पगार कमी. असं करत १ कोटी २० लाखांवर घरं झाली.

पण सुरुवातीला एक अडचण आली. आयांना सगळं तोंडपाठ होतं, पण घरात मूल आजारी पडलं की फार थोड्या जणी ते पाणी देत होत्या. चौकशी केल्यावर कळलं, की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता भरवसा नव्हता. त्या स्वतः आजारी पडल्या की दुसरं औषध घ्यायच्या. दुसरं म्हणजे घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग संस्थेनं कार्यकर्त्यांना ते पाणी काम कसं करतं हे नीट दाखवलं, आणि बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांशी बोलणं सुरू केलं. तेव्हा गाडी रुळावर आली. आज ओआरएस सर्वांत जास्त वापरणाऱ्या देशांत बांगलादेशचं नाव घेतलं जातं.

म्हणजे नुसती माहिती असून भागत नाही. तिच्यावर भरवसा लागतो आणि घरच्यांची साथ लागते.

डॉक्टरांना वाटतं, आपल्याला ओआरएस नको

आता आपल्याकडची गोष्ट ऐका. मूल आजारी पडलं की आपल्यापैकी बऱ्याच जणी आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे किंवा मेडिकलवाल्याकडे जातात. तिथे ओआरएस का मिळत नाही, याचा एक मोठा अभ्यास कर्नाटक आणि बिहारमध्ये झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून जास्त डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांकडे काही पुरुष पाठवले गेले. 'माझ्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत' असं त्यांनी सांगायचं होतं. काहींनी स्वतःहून ओआरएसचं नाव घ्यायचं, काहींनी दुसऱ्या औषधाचं, आणि काहींनी 'तुम्ही द्याल ते' म्हणायचं, असं ठरलं होतं.

आपण काय धरून चालतो? डॉक्टरांना माहीत नसेल, दुकानात माल नसेल, किंवा ओआरएस स्वस्त, त्यात त्यांना पैसे सुटत नसतील. पण या कारणांचा वाटा थोडाच निघाला. बहुतेकांना ओआरएस योग्य आहे हे ठाऊक होतं. माल नसणं आणि नफा नसणं, दोन्हींचा वाटा शंभरात पाच-सहाच. सर्वांत मोठं कारण वेगळंच होतं. डॉक्टरांना वाटतं, की लोकांना ओआरएस नकोच असतं. पुडी दिली तर म्हणतील, हा कसला डॉक्टर, पुढच्या वेळी दुसरीकडे जातील. आणि ज्यांनी ओआरएसचं नाव घेतलं त्यांचं काय झालं? दर शंभरात आणखी २७ जणांना ते मिळालं. फक्त तोंडानं मागितलं म्हणून.

मैत्रिणींनो, यात राग धरण्यासारखं आहे तसं आपल्या हातातलंही आहे. आपण दवाखान्यात जातो, काही बोलत नाही, आणि घरी येऊन म्हणतो, 'इंजेक्शनसुद्धा दिलं नाही, कसला दवाखाना!' डॉक्टर तेच ऐकतात आणि पुढच्या मुलाला सुई टोचतात. आपण मागायला लागलो तर त्यांनाही द्यायला बरं पडेल.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर असं सांगा, 'डॉक्टर, बाळाला सकाळपासून सहा वेळा पाण्यासारखे जुलाब झालेत. घरी ओआरएस सुरू केलंय. मला ओआरएसची पाकिटं आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या द्या.' मेडिकलमध्येही हेच सांगा. हे वाक्य पाठ करा, सुनेला शिकवा, मुलाच्या बापालाही शिकवा. मोटरसायकलवर बसून औषध आणायला बहुतेक वेळा तोच जातो. 'जुलाबाचं काहीतरी द्या' असं तो म्हणाला, तर काहीतरीच घेऊन येईल.

पहिल्या जुलाबालाच काय करायचं

ओआरएसला डॉक्टरची वाट बघावी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, गाडीभाडं लागत नाही. पहिला-दुसरा जुलाब झाला की लगेच सुरू करायचं.

आधी हात साबणानं धुवा. उकळून गार केलेलं किंवा शुद्ध केलेलं पाणी घ्या. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी, म्हणजे साधारण एका पेल्यासाठी. एक लिटरची पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन ठेवली, की मापाची चिंता मिटते.

पाकीट पूर्ण रिकामं करायचं. इथे फार घोटाळा होतो. एक लिटरचं पाकीट फोडून त्यातलं चमचा-चमचा पेलाभर पाण्यात घालतात. त्यामुळे पाणी कधी फार खारट होतं, कधी फार पातळ, आणि दोन्ही वाईट. वरून साखर, दूध किंवा सरबत घालायचं नाही. कालवल्यावर उकळायचं नाही. झाकून ठेवायचं आणि २४ तासांत संपलं नाही तर ओतून देऊन नवीन करायचं.

किती द्यायचं? दर जुलाबानंतर दोन महिन्यांखालच्या बाळाला पाच चमचे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला पाव ते अर्धा पेला, दोन वर्षांवरच्या मुलाला अर्धा ते एक पेला. दोन महिन्यांखालच्या बाळाला पाजता पाजता दवाखान्यातही न्यायचं, त्याला घरी ठेवायचं नाही. लहानग्याला चमच्यानं, मोठ्याला वाटीनं, घोट-घोट. बाटली-बूच नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा द्या, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. 'पोटात काही ठरत नाही' म्हणून बंद करू नका. घटाघटा पाजलं की उलटतं, सावकाश दिलं की ठरतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत. 'दोन पाकिटं दिली, काही फरक नाही' म्हणून अनेक जणी सोडून देतात. ओआरएसचं काम अंगातलं पाणी टिकवणं हे आहे. जुलाब त्यांच्या वेळेनं थांबतील, तोवर मूल तगलं पाहिजे. मूल तरतरीत आहे, लघवी करतंय, म्हणजे ओआरएस लागू पडतंय असं समजायचं.

पाकीट घरात नसेल तर? एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही, बोटानं सपाट करायचा. चव घेऊन बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, कारण जास्त मीठ मुलाला घातक असतं. हे पाकीट मिळेपर्यंतची सोय आहे. सहा महिन्यांवरच्या मुलाला मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचं पाणी, ताकही देता येतं.

दुकानात तयार पेयांचे रंगीत खोके मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर फार असते. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. काही कंपन्या अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द घालत होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्याला बंदी केली. तरी घेताना बघा, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, म्हणजे डब्ल्यूएचओ, असं लिहिलेलं हवं. थंड पेय, ग्लुकोज पावडर, चहा ही ओआरएसची जागा घेत नाहीत.

झिंक आणि जेवण

ओआरएसबरोबर झिंकची गोळी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, २० मिलिग्रॅमची. लहान बाळाला चमच्यात आईचं दूध घेऊन त्यात विरघळवून द्यायची, मोठ्याला पाण्यात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे. झिंकनं जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. चव जरा लोखंडासारखी लागते, म्हणून मूल तोंड वाकडं करेल. त्याला घाबरू नका.

आणि जेवण. 'पोटाला आराम द्या' म्हणून उपाशी ठेवायची आपल्याकडे रीत आहे. ती सोडून द्या. जुलाबात मूल आधीच झिजतं, उपासानं आणखी झिजतं, आणि अशक्त मुलाला पुन्हा जुलाब लागतात. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांपर्यंत वरचं काही नको, अंगावरचं दूध आणि जुलाब असतील तेवढे दिवस ओआरएस, बस. मोठ्या मुलाला मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, दही-भात, नाचणीची पेज थोडी थोडी, पण जास्त वेळा. बरं झाल्यावर पंधरा दिवस रोज एक जेवण जास्तीचं द्या. गेलेलं वजन तेव्हा भरून येतं.

केव्हा थांबायचं नाही

पुढचं काही दिसलं तर ओआरएस पाजत पाजतच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा:

- मूल गळून गेलंय, नीट जागं होत नाही, हाक मारली तर बघत नाही.
- पाणी पिता येत नाही, किंवा प्यायलेलं सगळं उलटतं.
- डोळे खोल गेलेत, सहा तासांत लघवी नाही.
- पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागे जाते.
- मूल फार तहानलेलं आहे, सारखं चिडतंय, किरकिरतंय.
- शीत रक्त पडतंय, किंवा ताप आहे.
- बाळ दोन महिन्यांखालचं आहे, किंवा जुलाब १४ दिवस झाले तरी थांबत नाहीत.

अशा वेळी सलाईन लागू शकतं, आणि ते लावायलाच हवं. मूल गळलं असेल तर १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते. शीत रक्त असेल तर डॉक्टर जंतूंवरचं औषध देतील. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला मात्र त्या गोळ्यांचा बहुतेक वेळा उपयोग नसतो. जुलाब कोंडून धरणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या तर लहान मुलाला कधीच देऊ नका.

गटानं काय करायचं

हे एकटीनं लक्षात ठेवण्यापेक्षा गटानं धरलं तर टिकतं. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की अर्धा तास काढा. एक पाकीट आणा आणि प्रत्येकीनं स्वतः कालवून, चव घेऊन बघा. बांगलादेशातल्या बायकांचा भरवसा बसला तो असाच, आपल्या हातानं करून.

आशाताईंना बोलवा आणि विचारा, पेटीत ओआरएस आणि झिंक किती आहे? संपलं असेल तर उपकेंद्रातून मागवायला सांगा आणि ग्राम आरोग्य समितीत तो विषय काढा. अतिसाराची मोहीम पावसाळ्यात येते, तेव्हा पाच वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येक घरी पाकीट पोचलं का, हे गटानं बघावं. यादीतून सुटतात ती कोण? वस्तीवरची, तांड्यावरची, ओढ्याला पूर आला की तुटणाऱ्या पाड्यावरची, वीटभट्टीवर आलेली. अशा घरांसाठी गटाच्या पेटीत वीसेक पाकिटं नेहमी ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या बोचक्यात तिखट-मिठाबरोबर चार पाकिटं आणि झिंकची पट्टी टाकून द्या. फडावर आशाताई शोधत फिरायला वेळ नसतो.

ग्रामसभेत पाण्याचंही विचारा. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का? गळक्या जलवाहिनीजवळ गटार आहे का? आणि बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला रोटा विषाणूच्या लसीचे थेंब मिळाले का, ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. लहान मुलांच्या जोराच्या जुलाबांमागे हाच विषाणू पुष्कळदा असतो. ही लस सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी मोफत असते.

घरातल्या थोरांशीही बोला. सासूबाई म्हणतील, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी पोरं वाढली.' त्यांना हळूच विचारा, आणि किती गेली? आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना हे बरोबर आठवतं. पाठोपाठ गेलेल्या लेकरांची नावं सांगतात त्या. तेव्हा औषध सापडलेलं नव्हतं, त्यांचा दोष नव्हता. आता ते आहे आणि आपल्या गावात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढं करा. घरात ओआरएसचं पाकीट आहे का ते बघा, त्याची मुदत संपली नाही ना ते बघा, आणि ते कुठे ठेवलंय हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. नसेल तर उद्या आशाताईंकडे जाऊन नाव घेऊन मागा.